चित्र 'खरं' वाटतं म्हणजे नक्की काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात चित्र आणि वास्तव या विषयावर प्रश्न मागवले होते. ढीगभर आले आणि बरेचसे एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत. काही उत्तरं लांबलीत, पण तिथे विषयच तसा आहे, थोडक्यात उरकलं असतं तर प्रश्नावर अन्याय झाला असता.

प्रश्न : मी पेन्सिलने चेहरे काढतो. लोक सगळ्यात मोठं कौतुक म्हणून काय म्हणतात, तर 'अरे, फोटोच वाटतोय!' बरं वाटतं, पण आत कुठेतरी खटकतं. फोटोसारखं म्हणजेच खऱ्यासारखं का?

खटकतंय ते बरोबर खटकतंय, ते सोडू नका. फोटो एका डोळ्याने, एका क्षणी, एकाच अंतरावर फोकस करून घेतलेला असतो आणि आपण माणसं तसं बघतच नाही. हात लांब करून अंगठा समोर धरा, त्या नखाएवढ्याच भागात आपल्याला खरं बारीक आणि स्वच्छ दिसतं, बाकी सगळं धूसर. तरी सगळी खोली लख्ख दिसतेय असं वाटतं, कारण डोळा सेकंदाला तीन-चार वेळा इकडून तिकडे उडी मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडून घेतो.

आता चक क्लोज या अमेरिकन चित्रकाराने १९६७-६८ मध्ये केलेलं स्वतःचं मोठं पोर्ट्रेट बघा. पावणेतीन मीटरच्या जवळपास उंच, कृष्णधवल, तोंडात सिगरेट, दाढीचा खुंट न् खुंट दिसतो. फोटोवर चौकटी आखून त्याने ते एकेक चौकट करत कॅनव्हासवर उतरवलं. नीट बघितलं तर डोळ्यांजवळचा भाग धारदार आहे आणि कानांकडे, मागच्या केसांकडे जाताना चित्र धूसर होत जातं. समोर बसलेल्या माणसाचा कान तुम्ही बघायला गेलात तर तो असा धूसर कधी सापडणारच नाही, कारण तिकडे बघितल्याबरोबर डोळा तिथे फोकस करतो. धूसर कान हे लेन्सचं काम. म्हणजे क्लोजने माणूस रंगवला नाही, माणसाचा फोटो रंगवला, आणि त्याला तेच करायचं होतं, त्याने ते लपवलेलंही नाही.

आणि फोटो तरी कशाबद्दल खरा असतो? १८३८ मध्ये लुई दागेरने पॅरिसमधल्या बुलवार द्यू तांप्ल या रस्त्याचा वरच्या खिडकीतून फोटो घेतला. दिवसाढवळ्या, वर्दळीचा रस्ता, आणि फोटोत सगळं ओसाड. एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर प्रकाश पडू द्यायचा वेळ, काही मिनिटांचं होतं त्यामुळे चालणारी माणसं, धावणाऱ्या घोडागाड्या प्लेटवर उमटल्याच नाहीत. ठळक उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला एक माणूस. इमारती, खिडक्या, झाडं सगळं जिथल्या तिथे, कुणी काही खाडाखोड केलेली नाही, पण 'त्या वेळी रस्त्यावर कोण कोण होतं' असं विचारलंत तर त्या फोटोचं उत्तर साफ चुकीचं आहे.

मला या सगळ्या विषयात मनापासून सांगायचंय ते एवढंच, की चित्र खरं आहे का हा प्रश्न अर्धवट आहे, ते कशाबद्दल खरं आहे हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. तुमच्या पेन्सिलच्या चेहऱ्यांनाही हेच विचारून बघा. ते कातडीच्या पोताबद्दल खरे आहेत, की तो माणूस मान कशी धरतो त्याबद्दल, की त्याच्याशी बोलताना आपली नजर जिथे जिथे जाते त्याबद्दल? फोटोवरून काढलेला चेहरा बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर उत्तम देतो आणि तिसऱ्याचं देतच नाही.

प्रश्न : जेरिको या फ्रेंच चित्रकाराच्या एप्सम शर्यतीच्या चित्रात घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतायत. घोडा असा पळतच नाही म्हणे. मग चित्र चुकलं ना? तरी ते घोडे मला फोटोतल्यापेक्षा जास्त पळताना का दिसतात?

चित्र १८२१ चं, लूव्र म्युझियममध्ये आहे. तेव्हा, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, दौडणारा घोडा असाच काढायची रीत होती, कारण नुसत्या डोळ्याला घोड्याचे पाय कुठल्या क्षणी कुठे असतात ते कळतच नाही. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात पालो आल्टोला लीलँड स्टॅनफर्ड या उद्योगपतीच्या घोड्यांसाठी ट्रॅकच्या कडेने ओळीने कॅमेरे लावले आणि घोडा पुढून जाईल तसतसे ते एकामागून एक क्लिक झाले. निष्कर्ष असा निघाला की चारही पाय जमिनीपासून सुटतात हे खरं, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना, ताणलेले असताना नाही. देगासारख्या चित्रकारांनी ते फोटो अभ्यासले आणि त्यानंतर घोडे काढायची पद्धतच बदलली.

पण रोदँ हा शिल्पकार जेरिकोच्या बाजूने उभा राहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की फोटो वेळ थांबवतो आणि खऱ्या जगात वेळ कधी थांबत नाही. जेरिकोचा घोडा बघताना आपली नजर मागून पुढे सरकते, आधी मागच्या पायांचा रेटा, मग अंग ताणणं, मग पुढचे पाय पुढची जमीन शोधताना, म्हणजे वेगवेगळ्या क्षणांचे तुकडे एका शरीरात आहेत आणि त्यातून धाव दिसते. कुठल्याही एका क्षणाचा फोटो घेतला तर ते शरीर खोटं ठरतं. मला हे पटतं. पाय कुठे होते असं विचाराल तर जेरिको चुकलाय, पळणं कसं दिसतं असं विचाराल तर मायब्रिजची एकेक चौकट गप्प बसते.

याचंच दुसरं टोक बघायचं असेल तर वेलास्केथ या स्पॅनिश चित्रकाराचं सूत कातणाऱ्या बायकांचं चित्र झूम करून बघा, प्रादो म्युझियमचं आहे, १६५० च्या दशकातलं. त्यातल्या फिरत्या चाकाला आरेच नाहीत. नुसता एक चकाकता, पारदर्शक धुरकट गोल आणि त्यातून पलीकडचं दिसतंय. कॅमेरा यायला अजून दोनशे वर्षं बाकी होती आणि या माणसाने चाकाला आरे असतात हे माहीत असून ते काढले नाहीत, कारण फिरताना ते दिसत नाहीत.

आपल्याकडच्या विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रातही ही जाण आहे. तिथे चांगला चित्रकार कोण, तर ज्याला लाटा, ज्वाळा, धूर, फडकणारी पताका वाऱ्याच्या गतीने दाखवता येतात, आणि झोपलेला माणूस चेतना असलेला आणि मेलेला चेतना नसलेला असा वेगळा काढता येतो. विचार करा, झोपलेला आणि मेलेला दोघंही हलत नाहीत, बाह्यरेषा जवळपास तीच. तरी फरक दिसला पाहिजे अशी अट आहे. फोटोसारखं असण्याच्या अटीपेक्षा ही कितीतरी अवघड.

प्रश्न : कॉलेजात शिकवलं की पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबच्या गोष्टी भूमितीच्या नियमाने लहान करत खोली दाखवायची पद्धत, हा पंधराव्या शतकात युरोपात लागलेला शोध. पुढे वाचलं की ती फक्त एक सवय आहे, भाषेसारखी, आणि चिनी किंवा मुघल चित्रं तेवढीच वास्तव आहेत. दोन्ही एकदम कसं खरं असेल? तुम्ही कुठल्या बाजूला?

हा प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय म्हणून सविस्तर लिहिते.

आधी या शोधामागचा प्रयोग समजून घेऊ. ब्रुनेलेस्की या इटालियन वास्तुविशारदाने फ्लॉरेन्समधल्या बाप्तिस्मागृहाचं एक छोटं चित्र लाकडी फळीवर काढलं, फळी हातभरसुद्धा नाही. त्याचा चरित्रकार मानेत्ती सांगतो की त्याने चित्राच्या मधोमध एक भोक पाडलं, रंगवलेल्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढं आणि मागच्या बाजूला रुंद होत गेलेलं. बघणाऱ्याने कॅथेड्रलच्या दारात उभं राहून फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा, दुसऱ्या हातात समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र बघायचं. आकाश त्याने रंगवलं नव्हतं, तिथे चकचकीत चांदी लावली होती, म्हणजे खरे ढग त्यात वाऱ्याबरोबर सरकताना दिसायचे! मानेत्ती म्हणतो की बघताना खरीच इमारत बघतोय असं वाटायचं.

आता अटी किती आहेत बघा. एक डोळा बंद. डोळा हलवायचा नाही, भोकाने तो खिळलेला. अंतर ठरलेलं. जागा ठरलेली. एवढ्या अटी पाळल्या की त्या जागेवरून डोळ्यात येणारे प्रकाशकिरण चित्राकडून आणि इमारतीकडून सारख्याच कोनात येतात, ही भूमिती आहे, इथे सवयीचा काही संबंध नाही, ज्याला डोळा आहे त्या कुणालाही ती लागू. म्हणून शोध हा शब्द बरोबर आहे.

पण त्या अटी सोडल्या की काय होतं? रोममध्ये सान्त इन्यात्सिओ चर्चच्या छतावर आंद्रेआ पोत्सोने १६९४ मध्ये पूर्ण केलेलं प्रचंड चित्र आहे, खांब आणि कमानी वर वर जाऊन आकाशात मिसळतात. फरशीवर एक संगमरवरी चकती बसवलीय, तिच्यावर उभं राहून बघायचं. तिथून पाच-दहा पावलं बाजूला सरकलात की रंगवलेले खांब कलायला लागतात. म्हणजे भूमिती खरी, पण ती एका चकतीपुरती.

आणि याहून मला जे फार आवडतं ते राफाएलने केलंय. त्याचं अथेन्सच्या तत्त्वज्ञांचं भित्तिचित्र, १५०९ ते १५११, कमानींचं पर्स्पेक्टिव्ह इतकं चोख की पाठ्यपुस्तकात देतात. त्यात उजव्या कडेला दोन माणसं हातात एकेक गोल घेऊन उभी आहेत, एकाकडे पृथ्वीचा, दुसऱ्याकडे ताऱ्यांचा. नियम काटेकोर पाळला तर चित्राच्या कडेला असलेला चेंडू गोल येत नाही, लांबट येतो. राफाएलने तो गोल काढलाय. ज्या चित्रकाराला नियम तळहातासारखा माहीत त्याने बरोब्बर तिथेच तो मोडला, कारण नियमाप्रमाणे काढला असता तर बघणाऱ्यांना तो अंड्यासारखा दिसला असता. तुम्ही मोबाईलच्या वाइड लेन्सने ग्रुप फोटो काढता तेव्हा कडेला उभ्या असलेल्या माणसाचं डोकं ताणलेलं येतं आणि तो म्हणतो 'मी असा दिसत नाही', तिथे हेच घडत असतं. लेन्सने भूमिती पाळलेली असते. खोट असते ती बघायच्या जागेत, कारण तो फोटो त्याच्या ठरलेल्या बिंदूवरून, म्हणजे स्क्रीनच्या अगदी जवळून, कुणी बघत नाही.

आता सवयवाल्यांची बाजू. कला-इतिहासकार पानोफ्स्कीने १९२७ मध्ये मांडलं की पर्स्पेक्टिव्ह ही एका काळाची जग समजून घेण्याची पद्धत आहे. नेल्सन गुडमन हा तत्त्वज्ञ १९६८ मध्ये त्याच्याही पुढे गेला आणि म्हणाला की वास्तवदर्शी वाटणं साम्यावर अवलंबून नसतं, ज्या चित्रपद्धतीत आपण वाढलो ती आपल्याला न अडखळता वाचता येते म्हणून ती खरी वाटते. यात बरंच तथ्य आहे. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५१५ मध्ये गेंड्याचं लाकूडठशाचं चित्र छापलं, त्याने तो प्राणी बघितलाच नव्हता, लिस्बनला आलेल्या गेंड्याचं वर्णन आणि एक स्केच एवढंच हाताशी होतं. अंगावर चिलखताचे पत्रे आणि पाठीवर एक जादा छोटं शिंग. पुढे अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या पुस्तकांत गेंडा असाच येत राहिला. सवय एवढी बळकट असते.

पण गुडमनचं म्हणणं जसंच्या तसं घेतलं तर चित्रं वाचायला शिकावं लागेल, अक्षरं शिकतो तसं. हॉकबर्ग आणि ब्रुक्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, आपल्याच मुलाला साधारण १९ महिन्यांचं होईपर्यंत होता होईल तेवढं चित्रांपासून लांब ठेवलं, कुठल्या चित्राकडे बोट दाखवून नाव सांगितलं नाही, खऱ्या वस्तूंची नावं मात्र शिकवली. मग नुसत्या रेषांची चित्रं दाखवली. मुलाने ओळखली. भाषेचा एकही शब्द असा न शिकवता कळत नाही. म्हणजे वस्तू ओळखायला जी यंत्रणा आपल्याकडे जन्मापासून तयार होत असते तीच चित्र ओळखायलाही कामाला येते.

तर माझी बाजू अशी. काय काय ओळखू येईल हे डोळा ठरवतो, त्यातलं कशाला महत्त्व द्यायचं हे काळ आणि संस्कृती ठरवते. ग्वो शी या चिनी चित्रकाराचं १०७२ मधलं वसंताच्या चाहुलीचं डोंगरचित्र घ्या. तिकडे अंतरं तीन मानली जायची: पायथ्याकडून शिखराकडे वर बघणं, पुढून डोंगरांच्या मागे खोल शिरणं, आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगराकडे सपाट नजर टाकणं. ती एकाच चित्रात एकत्र नांदतात. एका जागी खिळलेला डोळा हे कधीच बघू शकणार नाही, पण जो माणूस डोंगरात दिवसभर चाललाय तो नेमकं हेच बघून येतो. ब्रुनेलेस्कीचं चित्र दारात उभं राहिलेल्या माणसाबद्दल खरं आहे, ग्वो शीचं चालणाऱ्याबद्दल. दोन्हीकडे डोळा माणसाचाच.

मुघल चित्रांबद्दल एकच सांगते, की तिथे 'येत नव्हतं' हा मुद्दाच नाही. अबुल हसनने १६०० च्या सुमारास, जेमतेम तेराव्या वर्षात असताना, ड्यूररच्या छापील चित्रातला संत जॉन हुबेहूब उतरवला, वस्त्राच्या चुण्या, छायाप्रकाश सगळ्यासकट. तो कागद आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहे. ज्या कारखान्यात पोरगेलं वय असलेला चित्रकार हे करत होता तिथल्या मोठ्यांनी सावल्या कुठे घ्यायच्या आणि कुठे नाही हे ठरवून केलेलं आहे. मन्सूरचा १६२१ चा झेब्रा बघा, मागे जवळजवळ रिकामी जागा आणि पट्ट्यांवर एवढं बारीक लक्ष की त्या जनावराची ओळखपरेड घेता येईल.

प्रश्न : मग इजिप्तचे लोक? चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय बाजूने. हजारो वर्षं त्यांना चूक कळली नाही?

चूक समजायचं कारणच नव्हतं. ब्रिटिश म्युझियममध्ये नेबामुनच्या थडग्यातलं एक चित्र आहे, इसवी सनापूर्वी साधारण १३५० मधलं, बागेतलं तळं. तळं वरून बघितल्यासारखं चौकोनी, पाण्यातले मासे आणि बदकं बाजूने, काठाची झाडं आडव्या बाजूने. तळ्याचा आकार वरून सगळ्यात नीट कळतो, माशाचा बाजूने, झाडाचाही बाजूने, म्हणून प्रत्येक गोष्ट जिथून सगळ्यात पूर्ण कळते तिथून काढली. थडग्यात मेलेल्या माणसाला ते तळं कायमचं उपयोगी पडायचं होतं. पर्स्पेक्टिव्हने काढलं असतं तर मागची अर्धी झाडं पुढच्या झाडांनी झाकली असती, आणि मग ती त्याला मिळाली कशी असती?

प्रश्न : कुर्बे या फ्रेंच चित्रकाराला वास्तववादी म्हणतात पण त्याच्यापेक्षा त्याच काळातले इतर चित्रकार जास्त गुळगुळीत आणि खरे वाटतात. हे उलटं नाही का?

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत घालताय. काबानेलची व्हीनस, १८६३, कातडी इतकी नितळ की हात लावावासा वाटेल, पण ती बाई समुद्राच्या लाटेवर आडवी झोपलीय आणि वर पंखवाली बाळं उडतायत. हे कुणी पाहिलंय? नेपोलियन तिसऱ्याने ते चित्र विकत घेतलं. कुर्बेच्या 'ओर्नां गावातला अंत्यविधी' या चित्रात रंग जाडाभरडा आहे, माणसं एका ओळीत कोंबल्यासारखी उभी आहेत, पण ती त्याच्या गावातली खरी माणसं आहेत आणि चित्र तीन मीटरहून उंच आणि साडेसहा मीटरहून रुंद आहे. एवढं मोठं कापड तेव्हा राजे, देव, लढाया यांच्यासाठी राखलेलं असायचं. गावकऱ्यांच्या मयताला ती जागा दिली म्हणून लोक खवळले. १८५५ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची मोठी चित्रं नाकारली तेव्हा त्याने शेजारीच स्वतःचा मांडव उभारून वर पाटी लावली, 'वास्तववाद'. काबानेल कातडीबद्दल खरा आहे, कुर्बे जगात कोण कोण राहतं याबद्दल. मला विचाराल तर दुसऱ्याला जास्त हिंमत लागते.

प्रश्न : वेलास्केथचं 'लास मेनिनास' हे मोठं चित्र जवळून बघितलं तर राजकन्येच्या कपड्यावर नुसते फटकारे. मागे आलं की रेशीम आणि चांदीची जर. यातलं 'खरं' चित्र कुठलं? आणि आपण दोन्ही एकदम बघू शकतो का?

तुम्ही ज्यावर तत्त्वज्ञ भांडलेत तोच प्रश्न विचारलाय. कला-इतिहासकार गोम्ब्रिचने १९६० च्या सुमारास असं मांडलं की रंगाचा थर आणि त्यातली वस्तू यांच्यात आपली नजर पालटत राहते, दोन्ही एकाच वेळी नाही, बदक-सशाच्या त्या प्रसिद्ध आकृतीत जसं एकतर बदक दिसतं नाहीतर ससा. रिचर्ड वॉलहाइम म्हणाला, तसं नाही, चित्र बघणं हे मुळातच दुहेरी असतं, रंग दिसतोय आणि रंगात रेशीम दिसतंय हे एकाच अनुभवाचे दोन पदर आहेत.

मी वॉलहाइमच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण तुमच्याच अनुभवात आहे. जर दोन्ही एकदम दिसत नसतं तर त्या फटकाऱ्यांचं कौतुक करताच आलं नसतं. 'बघा, चार ओरखड्यांत जर केलीय' हे म्हणायला ओरखडे आणि जर दोन्ही डोळ्यासमोर लागतात. पूर्ण फसलेल्या माणसाला चित्र दिसतच नाही. प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाने सांगितलेली दोन ग्रीक चित्रकारांची जुनी गोष्ट आहे, झ्यूक्सिसने काढलेल्या द्राक्षांवर पक्षी झेपावले, मग तो मोठ्या दिमाखात पाऱ्हासिओसला म्हणाला, आता पडदा बाजूला कर आणि तुझं चित्र दाखव, तर तो पडदाच चित्र होता. झ्यूक्सिस फसला त्या क्षणी त्याने पडद्याचं चित्र नाही, पडदा पाहिला. चित्राचा आनंद कळल्यानंतर सुरू झाला असणार. वेलास्केथचं हे चित्र १६५६ चं आहे आणि त्यासमोर लोक अजून पुढे-मागे चालत असतात, फसायला नाही तर फटकाऱ्याचं रेशीम कुठल्या पावलावर होतं ते पकडायला.

प्रश्न : फान मेहेरेन या डच चित्रकाराने सतराव्या शतकातल्या व्हर्मीरची खोटी चित्रं काढली आणि मोठमोठे जाणकार फसले. आज बघितलं तर ती ओळखूही येतात की खोटी आहेत. तेव्हा त्यांना का नाही दिसलं?

कारण ते त्याच काळात राहत होते. त्याचं एमाउसच्या भोजनाचं चित्र १९३७ मध्ये बाहेर आलं, आब्राहम ब्रेडियससारख्या मान्यवर तज्ज्ञाने ते उचलून धरलं आणि रॉटरडॅमच्या म्युझियमसाठी ते विकत घेतलं गेलं. जुना कॅनव्हास, बेकेलाइट हे प्लॅस्टिक मिसळून भट्टीत कडक केलेला रंग, तांत्रिक बाजू त्याने सांभाळली होती. १९४५ मध्ये, नाझी नेता गोरिंगपर्यंत पोचलेल्या एका 'व्हर्मीर'वरून अटक झाल्यावर, त्याने स्वतःच सांगितलं की ही माझी चित्रं आहेत आणि पहाऱ्यात बसून एक नवीन काढून दाखवलं.

आज ते चेहरे बघा, जड पापण्या, गालांचे खळगे, १९३० च्या दशकातल्या सिनेमातल्या चेहऱ्यांसारखे. त्या काळच्या माणसाला आपल्या काळची शैली शैली म्हणून दिसत नाही, ती त्याला चेहऱ्याचा साधा, स्वाभाविक आकार वाटते. सतराव्या शतकाच्या चित्रात तो आकार सापडला तर त्याला खटकणार तरी काय? गुडमनच्या म्हणण्यातला खरा भाग हा. आज आपल्याला जे फोटो आणि एआयने केलेले चेहरे 'अगदी नॅचरल' वाटतात, ती एकसारखी गुळगुळीत कातडी, तो मागचा लोण्यासारखा ब्लर, पन्नास वर्षांनी बघणारा त्यावरून साल ओळखेल असं मला खात्रीने वाटतं.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला 'जसं दिसतं तसं काढ' असं मी सांगते. पण 'दिसतं तसं नसतं' हेही आपणच म्हणतो. तिला नक्की काय सांगू?

रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाने १८५७ मध्ये असाच सल्ला दिला होता, की डोळा निष्पाप करा, वस्तू काय आहे ते विसरून फक्त रंगांचे सपाट डाग बघा. सरावाला छान आहे, पण पूर्णपणे तसं कुणालाच जमत नाही. एडवर्ड अ‍ॅडेल्सनची १९९५ ची बुद्धिबळाच्या पटाची आकृती मुलीला दाखवा, एका नळकांड्याची सावली पडलेला पट, त्यात सावलीतलं 'पांढरं' घर आणि बाहेरचं 'काळं' घर छापताना अगदी एकाच करड्या रंगाचे आहेत. सांगूनही दिसत नाही. कागदाला दोन भोकं पाडून बाकी सगळं झाकलं की मगच कळतं. मेंदू सावली वजा करून घराचा खरा रंग सांगायचा प्रयत्न करतो आणि ते त्याचं कामच आहे, नाहीतर वस्तू सावलीत नेली की आपण ती ओळखलीच नसती.

आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते तेव्हा तिला एक डोळा मिटून आरशातल्या आपल्या चेहऱ्याची कड बोटाने गिरवायला सांगा. मग ती खूण पट्टीने मोजा आणि खरा चेहरा मोजा. खूण बरोब्बर निम्मी भरेल, जवळ उभी राहिली तरी आणि लांब गेली तरी. रोज आरसा बघणाऱ्या मोठ्या माणसांनाही हे माहीत नसतं, कारण आरशात आपल्याला आपला चेहरा दिसतो, काचेवरचा त्याचा आकार दिसत नाही. हे उदाहरण गोम्ब्रिचचं आहे.

म्हणून 'जसं दिसतं तसं' ऐवजी आधी तिला माहीत असलेला चेहरा काढू द्या, ती डोळे बहुतेक कपाळाच्या जागी काढेल, सगळी मुलं काढतात. मग तिला समोरच्या माणसाच्या टाळूपासून डोळ्यापर्यंत आणि डोळ्यापासून हनुवटीपर्यंतचं अंतर पेन्सिल आडवी-उभी धरून मोजायला लावा. दोन्ही जवळपास सारखी निघतील. तिथे ती थांबेल, कागदाकडे बघेल, आणि डोळे खोडून खाली आणेल. पहिला चेहरा फाडू देऊ नका, तारीख घालून ठेवा.